२८ कप्प्यांचं गणित: ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये कच्चा माल कसा गोळा होतो

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये चिलखत, बाण, औषधं स्वतः बनवायची तर आधी कच्चा माल हवा. खनिज, लाकूड, कातडी, वनस्पती. नवा खेळाडू साहजिकच खणण्या-तोडण्याकडे बघतो: माझी लेव्हल किती, कुदळ कोणती, खडक किती वेळाने पुन्हा भरतो. या गोष्टींना महत्त्व आहेच. पण थोडे दिवस खेळल्यावर लक्षात येतं की माल मिळवण्यापेक्षा तो वाहून नेण्यात जास्त वेळ जातो. आणि हे जितकं स्पष्ट ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये दिसत नाही. म्हणून हा विषय त्याच गेमच्या आधाराने समजून घेऊ.

मूळ रूनस्केप जानेवारी २००१ मध्ये आला. अँड्र्यू गॉवर आणि त्याच्या भावांनी इंग्लंडमध्ये तो उभा केला, आणि केंब्रिजची जॅजेक्स ही कंपनी आजही तो चालवते. पुढे गेम इतका बदलला की जुन्या खेळाडूंना जुनाच हवासा वाटू लागला. मग ऑगस्ट २००७ मधली जपून ठेवलेली प्रत काढून २०१३ मध्ये 'ओल्ड स्कूल' सुरू झाला. २०१८ पासून तो फोनवरही चालतो.

या गेममध्ये तुमच्याजवळच्या पिशवीला, म्हणजे इन्व्हेंटरीला, २८ कप्पे असतात. तुम्ही पहिल्या दिवशीचे नवखे असा किंवा सगळी कौशल्यं ९९ वर नेलेले जुने खेळाडू असा, कप्पे २८च. ते विकत घेऊन वाढवता येत नाहीत. काही वस्तूंची थप्पी लागते, म्हणजे कितीही नग एकाच कप्प्यात मावतात: नाणी, बाण, पिसं, जादूचे रून. बाकी बहुतेक मालाची थप्पी लागत नाही. एक लोखंडाचं खनिज म्हणजे एक कप्पा. एक ओंडका, एक मासा, एक कातडं, प्रत्येकाला स्वतःचा कप्पा. २८ खनिजं झाली की पिशवी भरली. मग बँक गाठा, रिकामी करा, परत या.

म्हणून इथे हिशोब नगांचा होत नाही, खेपांचा होतो. एका तासात किती खनिज फोडलं यापेक्षा एका तासात किती खेपा झाल्या हे आधी बघायचं. खेपेचे तीन भाग: पिशवी भरायला लागणारा वेळ, बँकेपर्यंत जाण्या-येण्याचा वेळ, आणि एका खेपेत प्रत्यक्ष किती कामाचा माल बसतो. पुढची जवळपास प्रत्येक युक्ती या तीनपैकी कशावर तरी बेतलेली आहे.

जाण्या-येण्याचा भाग सगळ्यात आधी कळतो. ड्रेनॉर गावात विलोची झाडं बँकेच्या अगदी शेजारी आहेत, म्हणून वर्षानुवर्षं तिथे लाकूडतोड्यांची गर्दी असते. तशीच झाडं इतरत्रही आहेत, पण बहुतेक ठिकाणी शेजारी बँक नाही, म्हणून तिथे शुकशुकाट. एजव्हिलची यू झाडंही त्याच कारणाने सगळ्यांना ठाऊक असतात. गेमच्या नकाशावर एखादी जागा मौल्यवान कशामुळे ठरते, तर तिथे काय उगवतं यापेक्षा तिथून बँक किती लांब आहे यामुळे.

तिसऱ्या भागातली एक साधी गोष्ट बरेच जण विसरतात. कुदळ किंवा कुऱ्हाड पिशवीत ठेवली तर ती एक कप्पा खाते आणि २७च उरतात. ती हातात धरली तर पूर्ण २८ मिळतात. मात्र हातात धरायला पुरेशी अटॅक लेव्हल लागते; रून कुदळीला, म्हणजे रुनाइट धातूच्या कुदळीला, ४०. खाणकामच करायचं ठरवलेल्या खेळाडूनेही थोडी लढाई शिकावी, त्याचं हे एक ठोस कारण.

आणि ज्यांना माल नकोच, फक्त अनुभवाचे गुण हवे आहेत, ते बँकेत जातच नाहीत. लोखंडाचा खडक लवकर भरतो, एका खनिजाला ३५ गुण मिळतात. ते खनिज फोडतात आणि तिथेच टाकून देतात. याला पॉवर-मायनिंग म्हणतात. माल वाया जातो हे खरं, पण खेपेचा वेळ शून्यावर येतो. दोन्ही रस्ते बरोबरच आहेत; आपल्याला माल हवा आहे की लेव्हल, हे आधी ठरवायचं, म्हणजे झालं.

बँक आणि तिची पावती

बँकेत गेलं की चित्र पालटतं. तिथे सगळ्याच मालाची थप्पी लागते. पाच हजार खनिजं असोत की पन्नास हजार, बँकेतली जागा एकच. थप्पीची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७, म्हणजे सुमारे २१५ कोटी. हा विचित्र आकडा संगणकामुळे आला आहे: गेम प्रत्येक वस्तूची संख्या ३२ बिटांत साठवतो, त्यातलं एक बिट अधिक-उणे दाखवायला जातं, आणि उरलेल्या ३१ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. नाण्यांच्या बाबतीत श्रीमंत खेळाडू खरोखर या छताला टेकतात. त्यासाठी एक हजार नाण्यांचं एक प्लॅटिनम टोकन करून घेण्याची सोय आहे.

पण बँकेतून माल बाहेर काढायचा आणि दुसरीकडे विकायला न्यायचा तर पुन्हा २८ कप्पेच. इथे 'नोट' कामाला येते. बँकेतून माल काढताना 'नोट म्हणून द्या' असा पर्याय निवडला की खनिजाऐवजी त्या खनिजाचा कागद हातात येतो, आणि कागदाची थप्पी लागते. शेतकरी वखारीत सोयाबीन ठेवतो आणि पावती घेऊन फिरतो, व्यवहार त्या पावतीवर होतात, तसंच हे. हजार खनिजांची नोट एकाच कप्प्यात घेऊन तुम्ही कुठेही जाऊ शकता, ती दुसऱ्या खेळाडूला देऊ शकता, विकू शकता. भट्टीत मात्र नोट वितळत नाही. वस्तू बनवायची तर बँकेत जाऊन नोटेचा पुन्हा माल करून घ्यावा लागतो.

या नियमाला एक सुरेख अपवाद आहे. रिमिंग्टन गावात फायल्स नावाचा माणूस नगाला ५ नाणी घेऊन नोटेचा माल करून देतो. त्याच गावात घर बांधण्याच्या कौशल्याचं प्रवेशद्वार आहे. म्हणून सुतारकाम करणारे लोक ओकच्या फळ्यांची नोट घेऊन थेट तिथे जातात. आता कप्पे मोजा: हातोडा एक, करवत एक, नाणी एक, फळ्यांची नोट एक. उरले २४. ओकच्या फडताळाला ८ फळ्या लागतात, म्हणजे एका खेपेत बरोबर तीन फडताळं, एकही कप्पा वाया नाही. अशी तंतोतंत बसणारी गणितं या गेममध्ये जागोजागी सापडतात आणि मला ती फार आवडतात. औषधं बनवणाऱ्यांचं गणितही असंच: पाण्याच्या १४ कुप्या, १४ वनस्पती, २८ कप्पे पूर्ण.

कोळशाची खेप

सगळ्यात सविस्तर समजून घ्यावं असं उदाहरण धातूचं आहे, कारण त्यात तिन्ही भाग एकदम दिसतात.

खनिज वितळवून धातूची लगड करायची असते. ब्राँझच्या लगडीला एक तांबं, एक कथील. लोखंडाला फक्त एक खनिज, पण साध्या भट्टीत निम्म्या वेळा ते फुकट जातं. म्हणजे २८ खनिजांची खेप नेली की सरासरी १४ लगडी हाती येतात. बोटात 'रिंग ऑफ फोर्जिंग' असेल तर एकही खनिज वाया जात नाही. एक अंगठी १४० खनिजांना पुरते. अंगठी बोटात असते, पिशवीत नाही, म्हणून ती कप्पाही खात नाही. एका लहानशा अंगठीने खेपेचं उत्पन्न दुप्पट होतं.

लोखंडाच्या पुढे कोळसा लागतो आणि खरी अडचण तिथून सुरू होते. पोलादाच्या एका लगडीला १ लोखंड आणि २ कोळसे. मिथ्रिलला ४ कोळसे, ॲडमंटाइटला ६, आणि सगळ्यात वरच्या रुनाइटला ८. रुनाइटचं खनिज दुर्मिळ, खणायला ८५ लेव्हल हवी, एकदा फोडलेला खडक पुन्हा भरायला १२ मिनिटं लागतात. सगळ्यांचं लक्ष त्या खनिजाकडे असतं. पण पिशवीतली जागा कोण खातं? कोळसा.

आकडे मांडून बघू. पोलादासाठी ९ लोखंड आणि १८ कोळसे मिळून २७ कप्पे भरतात आणि एका खेपेत ९ लगडी होतात. रुनाइटसाठी ३ खनिजं, २४ कोळसे, आणि एका खेपेत तीनच लगडी. २७ कप्पे माल वाहून तीन लगडी.

यावर पहिला उपाय कोळशाची पिशवी. तिच्यात २७ कोळसे मावतात आणि ती स्वतः एकच कप्पा घेते. आता १८ लोखंड आणि ९ कोळसे बाहेर, २७ कोळसे या कोळशाच्या पिशवीत, आणि तिचा स्वतःचा एक कप्पा. बेरीज बरोबर २८. लगडी झाल्या १८. लगड झाली की जागा मोकळी होते, तसतसा पिशवीतला कोळसा बाहेर काढायचा. रुनाइटच्या लगडी याच हिशोबाने तीनाच्या सहा होतात.

दुसरा उपाय बुटक्यांच्या केल्डाग्रिम शहरातली ब्लास्ट फर्नेस. ही भट्टी निम्म्या कोळशात काम करते आणि लोखंडाचं एकही खनिज वाया घालवत नाही. पोलादाला इथे १ लोखंड आणि १ कोळसा. २७ लोखंड कप्प्यांत, २७ कोळसे पिशवीत, एक कप्पा पिशवीला, की पुन्हा २८ पूर्ण. लगडी २७. साध्या भट्टीत नुसत्या कप्प्यांनी जिथे ९ होत होत्या, तिथे तीन पट. भट्टी चालवणाऱ्या बुटक्यांना तासाला ७२,००० नाणी द्यावी लागतात. रिकाम्या हातांनी येऊन रमतगमत काम करायची ही जागा नाही, पण खेप भरगच्च असेल तर भाडं वसूल होतं.

कोळशाची पिशवी मिळते कुठे? फॅलाडॉरखालच्या मदरलोड माइनमध्ये, १०० सोन्याच्या गुंजा देऊन. ही खाणसुद्धा वाहतुकीचा प्रश्न लक्षात घेऊनच आखल्यासारखी वाटते. इथे भिंतीतून 'पे-डर्ट' नावाची माती खणायची आणि घळीत टाकायची. पाण्याच्या प्रवाहात ती धुतली जाते आणि तिच्यातून निघालेलं खनिज एका गोणीत साठतं. गोणीची क्षमता सुरुवातीला १०८ नगांची असते. २०० गुंजा दिल्या की १८९ होते. बँक तिथेच आहे. खणणं आणि बँकेत टाकणं ही दोन कामं या गोणीने वेगळी केली, म्हणून इथे खेळणं निवांत वाटतं.

कोळशासारख्याच इतरही पिशव्या आहेत. वनस्पतींच्या गोणीत प्रत्येक जातीचे ३० नग मावतात, ओंडक्यांच्या टोपलीत २८ ओंडके, फळ्यांच्या गोणीत २८ फळ्या. एक लक्षात घ्या: यातली एकही पिशवी अमर्याद नाही, आणि प्रत्येक एकाच प्रकारच्या मालाला चालते. अडचण हलकी करायची पण संपवायची नाही, असं बनवणाऱ्यांनी ठरवलेलं दिसतं. मला हा निर्णय पटतो.

बनवणं म्हणजेच आटवणं

कच्च्या मालाची थप्पी लागत नाही, पण त्यापासून बनणाऱ्या काही वस्तूंची लागते. यातून आणखी एक वाट निघते. एक साधा ओंडका सुरीने तासला की बाणाच्या १५ काड्या होतात. काड्यांची थप्पी लागते, पिसांची लागते, तयार बाणांची तर लागतेच. म्हणजे सुरी जवळ असेल तर झाडाखाली उभं राहून ओंडके तोडायचे, तिथेच काड्या करायच्या, आणि बँकेचं तोंडही बघायचं नाही. पोलादाच्या एका लगडीपासून साच्यात ४ तोफगोळे निघतात. शेकडो लगडींचे गोळे झाले तरी कप्पा एकच. रून बनवणारे दगडी इसेन्सचे ढीग वाहून थकतात, पण वेदीपाशी पोचल्यावर त्या सगळ्याचे रून एका कप्प्यात येतात.

धातूची गोष्टही हीच. रुनाइटच्या ५ लगडींचं एक छाती-चिलखत होतं. त्यामागे ५ खनिजं आणि ४० कोळसे, एकूण ४५ नग, आणि शेवटी एक वस्तू. त्या वस्तूची नोट करा, मग शंभर चिलखतंही एका कप्प्यात.

आता बाजाराकडे वळू, कारण हे चिलखत तिथे फार मोठं काम करतं. 'हाय लेव्हल अल्केमी' हा मंत्र वस्तूचं थेट नाण्यांत रूपांतर करतो आणि तो नोटेवरही चालतो. मॅजिक लेव्हल ५५ लागते, एका वेळी एक नेचर रून आणि ५ फायर रून खर्च होतात. रुनाइटच्या छाती-चिलखताची ३९,००० नाणी मिळतात, कायम, बाजारभाव काहीही असो. साहजिकच त्याचा भाव ३९,००० मधून नेचर रूनची किंमत वजा केली की उरते त्याच्या फार खाली टिकत नाही. कुणी ना कुणी ते विकत घेऊन नाणी करतोच. म्हणजे या मंत्राने चिलखताला, चिलखताने लगडीला आणि लगडीने कोळशालाही एक आधारभाव मिळवून दिला आहे. कोळसा खणणाऱ्या नवख्या खेळाडूला हे ठाऊक नसतं, पण त्याच्या कोळशाची किंमत बऱ्याच अंशी इथून ठरते.

विक्री व्हॅरॉकच्या ग्रँड एक्स्चेंजमध्ये होते. तिथे नोट टाकायची, भाव लिहायचा, ग्राहक मिळाला की नाणी जमा. प्रत्येक वस्तू दर चार तासांत किती विकत घेता येईल याला मर्यादा आहे, म्हणजे कुणी एकट्याने सगळा साठा उचलू नये. २०२१ च्या अखेरीस विक्रीवर १% कर लागला आणि २०२५ मध्ये तो २% झाला. अगदी स्वस्त वस्तूंवर पूर्णांक होताना कर शून्यच येतो, म्हणून पिसांसारखा माल विकणाऱ्याला तो जाणवत नाही.

इथे व्हेनेझुएलाची गोष्ट सांगायलाच हवी. २०१७ च्या सुमाराला त्या देशाचं चलन कोसळत असताना तिथले पुष्कळ लोक या गेममध्ये हिरवे ड्रॅगन मारून पोट भरत होते. प्रत्येक हिरवा ड्रॅगन एक हाड आणि एक कातडं हमखास देतो, म्हणजे दर ड्रॅगनमागे दोन कप्पे. सगळी पिशवी रिकामी धरली तरी चौदा ड्रॅगनांत भरते, आणि जखमा भरून काढायला सोबत अन्न न्यावंच लागतं. हे ड्रॅगन राहतात वाइल्डरनेसमध्ये, जिथे दुसरा खेळाडू तुम्हाला मारून माल लुटू शकतो. तिथेच भरता येणारी आणखी २८ कप्प्यांची एक थैली मिळते, पण मेलात तर तिच्यातला सगळा माल जातो. अल खारिदमध्ये कातडं कमावून घ्यायला नगाला २० नाणी लागतात. असा खेपेखेपेने जमवलेला माल विकून आलेली नाणी हे लोक खऱ्या पैशांत विकत. कंपनीच्या नियमांत याला बंदी आहे. काही खेळाडूंनी तर त्यांना हेरून मारायच्या युक्त्या एकमेकांना सांगितल्या, आणि ते वाचताना मला वाईट वाटलं होतं. नियम मोडला हे खरं, पण त्या कप्प्यांमध्ये कुणाच्या तरी घरचं वाणसामान होतं.

इतर गेम्सनी काय केलं

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने उलटी वाट धरली. २००४ मध्ये तिथे कापडाची थप्पी २० नगांची होती. २०१४ मध्ये कच्च्या मालासाठी वेगळी बँक आली, २०१६ च्या सुमाराला थप्पी २०० वर गेली, २०२२ च्या ड्रॅगनफ्लाइटमध्ये १,००० वर. मात्र त्याच वेळी मालाचे तीन दर्जे आणले, आणि वेगवेगळ्या दर्जांच्या मालाची एकत्र थप्पी लागत नाही, त्यामुळे एकाच वनस्पतीला तीन कप्पे लागू लागले. गिल्ड वॉर्स २ मध्ये थप्पी २५० ची, आणि एका बटणाने जंगलात उभ्या उभ्या सगळा कच्चा माल थेट कोठारात जातो. तिथे प्रत्येक मालाला मर्यादा आहे, ती पैसे देऊन वाढवता येते.

सोय म्हणून दोन्ही उत्तम. पण खेप गेली की जागेचं मोलही जातं. गिल्ड वॉर्समध्ये खडक बँकेशेजारी आहे की डोंगरापलीकडे, याने फारसा फरक पडत नाही. ओल्ड स्कूलमध्ये त्यानेच सगळा फरक पडतो, आणि माझं मत त्याच्या बाजूने आहे.

ज्यांना हे गणित सगळ्यात कडक रूपात अनुभवायचं आहे त्यांच्यासाठी २०१४ पासून आयर्नमॅन पद्धत आहे. त्यात दुसऱ्याकडून काहीच घेता येत नाही, बाजार बंद, प्रत्येक कोळसा स्वतः मिळवायचा. त्यातही एक पायरी वर अल्टिमेट आयर्नमॅन. त्याला बँकही नाही. असा खेळाडू थप्पी लागणाऱ्या वस्तूंवरच जगतो. बँकेच्या खिडकीवर नोटेचा माल करून घेण्याची मात्र त्याला मुभा आहे, आणि शेतीच्या प्रत्येक वाफ्याशेजारी उभा असलेला लेप्रकॉन (गेममधला मदतनीस) शेतात पिकलेल्या मालाची नोट करून देतो. म्हणून तो वनस्पती लावतो, काढतो, लेप्रकॉनकडून नोट घेतो, औषध करायच्या दिवशी खिडकीवर जाऊन हव्या तेवढ्याच मोकळ्या करतो, आणि उरलेली नोट पुन्हा एका कप्प्यात ठेवून पुढच्या वाफ्याकडे निघतो.